विश्लेषण : रांजणगावच्या ‘पुंटो’वर विंचू कुठून आला? छोट्या गाड्यांना शर्यती जिंकून देणारे कार्लो अबार्थ कोण होते?

मोठ्या कारखान्यातून निघालेली साधी, स्वस्त, चार माणसांची गाडी घ्यायची, तिच्यात मोजके बदल करायचे आणि रविवारी ती शर्यतीत उतरवायची. क्लबच्या मोटार शर्यतींतला हा छंद ज्यांनी पोटापाण्याचा धंदा म्हणून उभा केला, त्यांत कार्लो अबार्थ यांचे नाव फार वरचे. एका बलाढ्य कंपनीच्या सावलीत त्यांचे छोटे वर्कशॉप कसे वाढले, आणि शेवटी त्याच कंपनीच्या पदरात का पडले?

पुणे पट्ट्यात हे नाव कधी आले?

चाकणहून शिक्रापूरमार्गे नगर रस्त्याला लागले की थोड्याच वेळात रांजणगावची औद्योगिक वसाहत येते. तिथल्या फियाटच्या कारखान्यात बनलेली ‘अबार्थ पुंटो’ १९ ऑक्टोबर २०१५ रोजी बाजारात आली. दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार रुपये. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला ८.८ सेकंद. त्या वेळी चाकणला बनणारी फोक्सवॅगनची पोलो जीटी ही अशा हौशी मंडळींची लाडकी गाडी होती आणि तिची ताकद १०५ अश्वशक्ती होती. म्हणजे दहा लाखांच्या आतल्या हॅचबॅकमध्ये रांजणगावने एकदम वरचा सूर लावला होता.

या पुंटोच्या बोनेटवर फियाटचे नाव नव्हते. तिथे पिवळ्या-लाल ढालीवर एक काळा विंचू होता. आपल्याकडे अनेकांनी तो विंचू म्हणजे एखादे हौसेचे स्टिकर असावे, असे समजून सोडून दिले. गाडी फार खपली नाही आणि २०१९ मध्ये फियाटने भारतातील आपल्या नावाच्या गाड्यांची विक्रीच थांबवली. पण तो विंचू स्टिकर नव्हता. ती एका माणसाची रास होती.

अबार्थ मूळचे कुठले?

कार्ल अबार्थ यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ रोजी व्हिएन्नात झाला. वृश्चिक रास. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य शाबूत होते आणि वडिलांचे मूळ गाव मेरानो त्याच साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते इटलीत गेले. ही सीमारेषा पुढे त्यांच्या आयुष्यात महत्त्वाची ठरली. लहानपणी पायाने ढकलायच्या लाकडी स्कूटरच्या चाकांना त्यांनी चामड्याचा पट्टा गुंडाळला आणि मोठ्या मुलांना हरवले, अशी एक गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. खरी असो वा नंतर रचलेली, माणसाच्या स्वभावाला ती शोभते.

सोळा-सतराव्या वर्षी ते इटलीत कास्तान्या यांच्याकडे मोटारसायकल आणि सायकलींच्या सांगाड्यांचे काम शिकायला गेले. परत व्हिएन्नात येऊन मेकॅनिक झाले, मग स्वार झाले. १९२८ मध्ये साल्झबुर्गला पहिली शर्यत जिंकली. १९३० मध्ये लिंझला मोठा अपघात झाल्यानंतर ते साइडकारकडे वळले. साइडकारची दुचाकी आगगाडीपेक्षा वेगाने जाते, हे दाखवण्यासाठी १९३४ मध्ये त्यांनी ओरिएंट एक्स्प्रेसशी पैज लावली. व्हिएन्ना ते बेल्जियमचे ओस्टेंड बंदर, सुमारे १३०० किलोमीटर. पहिल्या खेपेला थोडक्यात हरले. काही दिवसांनी पुन्हा निघाले आणि जिंकले. त्या काळचे रस्ते आणि त्या काळचे टायर डोळ्यांसमोर आणले तर हे वेड कोणत्या पातळीचे होते याचा अंदाज येतो.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस युगोस्लाव्हियातील एका शर्यतीत ते पुन्हा जबर जखमी झाले. स्पर्धक म्हणून त्यांची कारकीर्द तिथेच संपली आणि महायुद्धाची वर्षे त्यांनी त्याच देशात काढली. पेट्रोल मिळत नव्हते. त्यामुळे रॉकेलसारख्या इंधनावर इंजिने चालवण्याचे काम त्यांच्याकडे आले. हाताशी जे आहे त्यावरच गाडी चालवून दाखवायची, हे शिक्षण तिथले. युद्ध संपल्यावर ते वडिलांच्या मेरानोत गेले, इटलीचे नागरिक झाले आणि कार्लचे कार्लो झाले.

पद्मिनीच्या इंजिनाशी त्यांचा संबंध काय?

इथे दोन धागे एकत्र येतात आणि दोन्हींचे टोक आपल्या भागात आहे.

पहिला धागा पोर्शे घराण्याचा. अबार्थ यांची पहिली पत्नी व्हिएन्नातील वकील अँटोन पिएख यांची सचिव होती. पिएख हे फर्डिनांड पोर्शे यांचे जावई, आणि पोर्शे म्हणजे फोक्सवॅगनची ‘बीटल’ आखणारे अभियंते. त्यामुळे युद्धानंतर इटलीत पोर्शेच्या कचेरीसाठी कामे मिळवण्याची जबाबदारी अबार्थ आणि रुडॉल्फ हृश्का या दोघांकडे आली. त्यांनी ट्युरिनचे उद्योजक पिएरो दुसिओ यांना गाठले. दुसिओ यांची ‘सिसितालिया’ ही शर्यतीच्या गाड्या बनवणारी कंपनी होती. त्यांनी पोर्शेला ग्रांप्री गाडीचे मोठे काम दिले आणि अबार्थ सिसितालियाच्या शर्यत विभागाचे प्रमुख झाले.

दुसरा धागा फियाटचा. सिसितालियाची पहिली गाजलेली गाडी, १९४६ची डी-४६, फियाट ११०० या साध्या गाडीच्या इंजिनावर धावत होती. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, एकूण १०८९ सीसी. हे आकडे वाचून गॅरेजवाल्या एखाद्या जुन्या काकांचे कान टवकारले असतील, कारण प्रीमियर पद्मिनीचेही माप हेच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० भारतात आणली, तीच पुढे पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. प्रीमियरनेच पुढे चिंचवडच्या कारखान्यातून ‘रिओ’ ही छोटी गाडी काढली. थोडक्यात, आपण ज्या घराण्याच्या इंजिनाला दादर ते अंधेरी भाडे मारताना पाहिले, त्याच घराण्याच्या इंजिनावर ताझिओ नुवोलारी यांच्यासारख्या महान चालकाने युद्धोत्तर शर्यती केल्या.

ग्रांप्री गाडीच्या खर्चाने मात्र सिसितालियाचे कंबरडे मोडले. दुसिओ अर्जेंटिनाला निघून गेले. अबार्थ यांचे पैसे थकले होते. त्या बदल्यात त्यांना काही तयार, काही अर्धवट गाड्या आणि सुट्या भागांचा ढीग मिळाला. भोसरीतल्या एखाद्या व्हेंडरला बिलाऐवजी भंगार उचलून न्यायला सांगावे, तसाच हा प्रकार. या ढिगावर ३१ मार्च १९४९ रोजी ‘अबार्थ अँड कंपनी’ उभी राहिली. भांडवल स्काल्यारिनी कुटुंबाचे होते. त्या घरचा मुलगा गुइदो शर्यतीत गाडी चालवत असे. थोड्याच दिवसांत सारा पसारा ट्युरिनला आला, फियाटच्या दाराशी.

सुरुवात जोरात झाली. १० एप्रिल १९५० रोजी सिसिलीत पालेर्मोजवळच्या माँते पेलेग्रिनो घाटातील शर्यतीत नुवोलारी यांनी अबार्थच्या गाडीतून आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते आणि आजाराने खंगले होते. ती त्यांची शेवटची शर्यत ठरली. इटलीत अशा घाटांतल्या शर्यतींना फार मान होता. आपल्याकडे घाट म्हटले की धबधबा आणि कांदाभजी आठवते. तिकडे घड्याळ लावून बसणारे लोक आठवतात.

पैसा कुठून आला?

सायलेन्सरमधून. अबार्थ यांच्या गोष्टीतला हा सर्वांत कमी चमकदार आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

नेहमीच्या सायलेन्सरमध्ये आडवे पडदे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा धूर त्यांच्यावर आपटत, वळणे घेत जातो. त्यामुळे आवाज कमी होतो, पण धुराला वाट काढायला जोर लागतो आणि तो जोर इंजिनाच्याच ताकदीतून वजा होतो. अबार्थ यांच्या सायलेन्सरमध्ये भोके पाडलेली सरळ नळी होती आणि तिच्याभोवती आवाज शोषणारे तंतू दाबून भरलेले होते. धूर सरळ निघून जाई, आवाजाचा कर्कशपणा तंतूंत मुरे आणि मागे एक भरदार घुमारा उरे. ताकदीत वाढ थोडीच होत असे. पण गाडीवाल्याला ती कानाने ऐकू येत असे, आणि गाडीच्या बाबतीत माणूस कानावर फार लवकर विश्वास ठेवतो.

युक्ती अशी, की हा सायलेन्सर बसवायला इंजिन उघडावे लागत नव्हते. जुना काढा, नवा लावा, अर्ध्या दिवसाचे काम. कारकून, शिक्षक, दुकानदार अशा कोणालाही परवडेल अशी ती चैन होती. एकामागून एक अनेक कंपन्यांच्या गाड्यांसाठी मापे तयार झाली. १९६२ पर्यंत वर्षाला अडीच लाखांहून अधिक सायलेन्सर बनू लागले आणि त्यातले निम्म्याहून जास्त परदेशी जाऊ लागले. शर्यतींचा तोटा या काळ्या नळकांड्यांनी भरून काढला. अबार्थ मोठे अभियंते होते का, यावर जाणकारांत वाद होऊ शकतो. माझ्या मते त्यांची खरी हुशारी किंमतपत्रकात होती. कोणत्या खिशाला काय विकायचे, हे त्यांना नेमके कळत होते.

साध्या गाडीत ते नेमके काय बदलत?

मार्च १९५५ मध्ये फियाटने ‘६००’ आणली. इंजिन मागे, ६३३ सीसी, २१ च्या आसपास अश्वशक्ती. युद्धानंतरच्या इटलीतील मध्यमवर्गाला स्कूटरवरून चार चाकांवर आणणाऱ्या गाड्यांत ती आघाडीवर होती. त्या अर्थाने ती त्यांची मारुती ८००. चढावर धापा टाकणारी, पण घरची.

अबार्थ यांनी तिच्या इंजिनाचा बोअर ६० वरून ६१ मिलिमीटर केला, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. पण नवा क्रँकशाफ्ट घालून स्ट्रोक ५६ वरून ६४ वर नेला. इंजिन ७४७ सीसीचे झाले. पिस्टन बदलून दाब वाढवला, कॅमशाफ्ट बदलला, मोठा कार्बोरेटर लावला आणि शेवटी अर्थातच आपला सायलेन्सर. ताकद ४० अश्वशक्तीच्या पुढे गेली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पत्रा तोच, दरवाजे तेच, मागच्या बाकावर मुले बसवायची सोय तीच.

ही गाडी तयारही मिळे आणि सुट्या भागांची पेटीही मिळे. लाकडी खोक्यात क्रँकशाफ्टपासून बारीक नटांपर्यंत सगळे व्यवस्थित रचून येई. गावच्या मेकॅनिकने ते उघडायचे आणि गिऱ्हाइकाच्या जुन्या ६००मध्ये बसवायचे. शर्यत ही तोवर बड्या घरच्या मुलांची गोष्ट होती. खोक्याने ती गल्लीतल्या गॅरेजात आणली. सोमवार ते शनिवार कामावर जाण्यासाठी गाडी, रविवारी दारावर आकडा चिकटवून डोंगरवाटेवरची शर्यत, आणि नशीब चांगले असेल तर संध्याकाळी तीच चालवत घरी. क्लब शर्यतींचे अर्थकारण या एका गाडीत दोन कामे बसवण्यावर चालते. इंग्लंडमध्ये थोड्या वर्षांनी जॉन कूपर यांनी ‘मिनी’च्या बाबतीत हेच केले आणि १९६० च्या दशकात या दोन्ही बुटक्या गाड्या एकमेकींच्या पाठीमागे धावू लागल्या.

६०० चे इंजिन अबार्थ यांनी पुढे ८४७ सीसीपर्यंत ताणले, ती ‘८५० टीसी’. मग ९८२ सीसी, ती ‘१००० टीसी’. ६३३ सीसीसाठी ओतलेल्या घराण्याच्या ब्लॉकमधून १९७० च्या सुमारास शंभराहून अधिक अश्वशक्ती काढली जात होती. एवढी उष्णता मागच्या छोट्या कप्प्यातून बाहेर काढणे अवघड. म्हणून पाणी आणि तेल थंड करण्याची सोय गाडीच्या पुढे, बंपरच्या जागी पेटीसारखी बसवली आणि इंजिनावरचे झाकण शर्यतभर वर टेकवून ठेवले. ते उघडे झाकण बघून प्रथमदर्शनी वाटते, की कोणीतरी बंद करायला विसरले. पण मागचे झाकण उघडे आणि तोंडावर पेटी, हीच त्या गाड्यांची ओळख झाली. युरोपीय टुरिंग कार स्पर्धेच्या सर्वांत लहान गटात १९६५, १९६६ आणि १९६७ अशी तीन वर्षे फियाट-अबार्थ १००० टीसी चालवणाऱ्यांनी विजेतेपद मिळवले.

फियाटशी करार कसा झाला?

जुलै १९५७ मध्ये फियाटने आणखी लहान गाडी काढली, ‘नवी ५००’. ४७९ सीसी, दोन सिलिंडर, १३ अश्वशक्ती. आज ती इटलीचे प्रतीक म्हणून पोस्टरवर दिसते, पण सुरुवातीला लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. फार साधी आणि फार दुबळी, असे तिचे नाव झाले. स्कूटरवाल्याला ती महाग वाटे आणि ६०० वाल्याला खेळणे वाटे. फियाटसाठी ही नामुष्की होती.

अबार्थ यांनी नेमकी हीच गाडी उचलली. फेब्रुवारी १९५८ मध्ये, ऐन हिवाळ्यात, त्यांनी तयार केलेली ५०० मोंझाच्या ट्रॅकवर उतरली. चालक पाळीपाळीने बदलत होते. सात दिवस, सात रात्री, म्हणजे १६८ तास. अंतर १८ हजार १८६ किलोमीटर, सरासरी वेग ताशी १०८ किलोमीटर. सहा आंतरराष्ट्रीय विक्रम झाले. लोक ज्या गाडीला हसत होते, ती आठवडाभर अशी पळत राहिली. एखाद्या जाहिरातीने जे साधले नसते ते या आठवड्याने साधले.

त्यानंतर फियाटने अबार्थ यांच्याशी बोली केली. फियाटच्या गाडीवर आधारलेल्या अबार्थ गाड्यांनी मिळवलेल्या विजयांसाठी आणि विक्रमांसाठी फियाट रोख रक्कम देणार. जितके विजय, तितके पैसे. शर्यत खात्याचा खर्च स्वतःच्या वहीत न मांडता फियाटला शर्यतीचे नाव मिळाले आणि अबार्थ यांना नियमित उत्पन्न. पिंपरी-चिंचवडमधील कोणत्याही लघुउद्योजकाला या व्यवहाराची गोडी आणि धास्ती दोन्ही समजावून सांगायची गरज नाही. एकच मोठा ग्राहक असला की रात्री झोप चांगली लागते, आणि त्याच कारणाने कधी कधी अजिबात लागत नाही.

अबार्थ यांनाही हे कळत असावे. त्यांनी पोर्शेसाठी ३५६ च्या हलक्या गाड्या करून घेतल्या, फ्रान्सच्या सिम्काबरोबर शर्यतीच्या गाड्या काढल्या. सिम्का अमेरिकेच्या क्रायस्लरकडे गेली आणि ते नाते संपले. फियाट मात्र राहिली.

सफरचंदांची गोष्ट काय आहे?

ऑक्टोबर १९६५ मध्ये मोंझाला एक लिटर गटातील विक्रमासाठी एकाच माणसाची अरुंद गाडी तयार होती. ती स्वतः चालवायची, असे अबार्थ यांनी ठरवले. वय ५६ सरून ५७ लागायच्या बेतात, उंची भरपूर आणि पोट सुटलेले. गाडीत मावेनात. गाडी रुंद करण्याऐवजी त्यांनी स्वतःला अरुंद केले. बहुतांशी सफरचंदांवर राहून सुमारे ३० किलो वजन उतरवले, गाडीत बसले आणि वेगवाढीचे विक्रम केले. त्या विक्रमांनी कंपनीने शंभराचा टप्पा गाठला. बाकीच्या काळात ते उत्तम शिवलेल्या सुटात वावरणारे, कामगारांवर करडी नजर ठेवणारे मालक होते. ट्युरिनच्या कोर्सो मार्के रस्त्यावरील त्यांच्या कारखान्यात ढिलेपणा चालत नसे. दहा हजारांवर शर्यती जिंकल्याचा दावा कंपनी करत असे. त्यात गल्लीबोळातल्या क्लब शर्यतींतले गटविजय फार मोठ्या संख्येने आहेत, आणि खरे तर तीच त्यांची शान आहे.

मग कंपनी विकावी का लागली?

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अबार्थ यांना मोठी स्वप्ने पडू लागली. दोन लिटर, तीन लिटरच्या खास शर्यतीच्या गाड्या बनू लागल्या. सहा लिटरचे, बारा सिलिंडरचे इंजिनही आखायला घेतले. नेमके तेव्हाच मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेने १९६८ पासून त्या प्रकारच्या गाड्यांना तीन लिटरची मर्यादा घातली आणि त्या कामावरचा खर्च वाया गेला. या गाड्यांचा साध्या फियाटशी संबंध उरला नव्हता. ज्याच्या दारी ६०० उभी आहे त्याला त्यातला कुठलाही भाग खोक्यातून विकता येत नव्हता. सायलेन्सर कमावत होते आणि मोठ्या गाड्या खात होत्या. त्यात १९६९ चा कामगार असंतोष इटलीभर पसरला. ट्युरिन तर त्याचे केंद्रच होते.

त्यांच्या अपयशाचे खापर नियमांवर आणि संपांवर फोडण्याची पद्धत आहे. ती अर्धीच खरी वाटते. छोट्या गाडीच्या जोरावर उभा राहिलेला माणूस छोट्या गाडीला कंटाळला, हे दुसरे कारण त्यात धरायला हवे.

१९७१ च्या उन्हाळ्यात कंपनी फियाटकडे गेली. शर्यतीच्या खास गाड्या एन्झो ओसेला यांनी घेतल्या. फियाटला हवे होते ते रॅलीसाठीचे अनुभवी कारागीर आणि ते नाव. कोर्सो मार्केच्या त्याच वर्कशॉपमधून पुढे ‘१३१ अबार्थ’ निघाली. दिसायला चौकोनी, घरगुती सलून. तिने फियाटला १९७७, १९७८ आणि १९८० मध्ये रॅलीचे जागतिक विजेतेपद मिळवून दिले. अबार्थ थोडा काळ सल्लागार राहिले आणि मग व्हिएन्नाला परतले. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी, ७१ वा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, जन्मगावीच त्यांचे निधन झाले. १३१ चे तिसरे विजेतेपद त्यांनी पाहिले नाही. नाव पुढे बराच काळ मागे पडले. २००७ मध्ये फियाटने ते पुन्हा बाहेर काढले आणि आठ वर्षांनी ते रांजणगावच्या असेंब्ली लाइनवर पोहोचले.

आपल्याकडे असे बदल करून शर्यतीत उतरता येते का?

चाकणशी या प्रकाराचा संबंध २०१० पासून आहे. फोक्सवॅगनने त्या वर्षी पोलोची स्पर्धा भारतात सुरू केली, पुढे व्हेंटो आणि अमिओ या छोट्या सलून गाड्यांच्या स्पर्धा घेतल्या. तिन्ही गाड्या चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या. या स्पर्धांत सर्वांना सारखीच गाडी कंपनीकडून मिळते. इंजिनाला चालकाने किंवा त्याच्या मेकॅनिकने हात लावायचा नाही. त्यामुळे चालकाचा कस लागतो, पण गॅरेजवाल्याची कला बाहेर राहते. ती कला फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेने होणाऱ्या इतर गटांत आणि रॅलीत दिसते. त्यासाठी परवाना, सुरक्षा पिंजरा, हेल्मेट, अग्निशामक असा खर्च आहे. कायमस्वरूपी ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरला. गाड्या बनतात पिंपरी-चिंचवडच्या परिघात आणि त्या पळवायला हजार किलोमीटर दक्षिणेला जावे लागते.

रस्त्यावरच्या गाडीचा नियम वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. नियमभंग झाल्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. सीएनजी किट मान्यताप्राप्त असेल आणि आरटीओत नोंदवले असेल तर चालते. बोअर वाढवलेले इंजिन चालत नाही. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. सायलेन्सरला तर आवाजाचीही मर्यादा लागू आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पोलीस फटफट आवाज करणारे जप्त सायलेन्सर अधूनमधून रोडरोलरखाली घालतात, त्यांची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतीलच. त्यातले बहुतेक आतून नुसते पोकळ केलेले असतात. त्यांत ना भोके पाडलेली नळी असते, ना आवाज मुरवणारे तंतू.